‘आवडलं नाही’ म्हणजे नक्की काय आवडलं नाही?

मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, “प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवर संशोधन म्हणजे करायचं काय? लोकांना आवडलं की नाही, एवढंच मोजायचं ना?” सिनॉप्सिस लिहिताना मलाही असंच वाटायचं. तीन रकाने आखायचे, सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ. प्रतिक्रिया त्यात टाकायच्या, टक्केवारी काढायची, झालं. ते का जमत नाही हे मला एका गाण्याने शिकवलं. तेच आज सविस्तर सांगते.

८ फेब्रुवारी २०१५. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये ५७वा ग्रॅमी सोहळा चालू आहे. अमेरिकेत सुमारे अडीच कोटी लोक तो टीव्हीवर बघताहेत. बियॉन्से पांढऱ्या पोशाखात येते, मागे पांढऱ्याच कपड्यांतले कृष्णवर्णीय पुरुष गायक, आणि ती ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ गाते. त्याला लागूनच जॉन लेजंड आणि कॉमन यांचं ‘ग्लोरी’ सुरू होतं. ‘ग्लोरी’ हे ‘सेल्मा’ या सिनेमातलं गाणं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६५च्या मतदानहक्क आंदोलनावरचा हा सिनेमा. त्यात किंग रात्री अस्वस्थ होऊन गायिका महालिया जॅक्सनला फोन करतात आणि ती फोनवरच त्यांना ‘प्रेशस लॉर्ड’ म्हणून दाखवते. सिनेमात महालियाची भूमिका लेडिसी या गायिकेने केली होती आणि गाणंही तीच गायली होती.

म्हणजे बघा, सिनेमात लेडिसी आणि सोहळ्यात बियॉन्से. वाद इथेच पेटला.

सेमिनारसाठी सराव म्हणून मी या वादातल्या प्रतिक्रिया कोड करायला घेतल्या. वृत्तपत्रांतले लेख, मुलाखती, लोकांनी जाहीरपणे लिहिलेलं, असं सगळं. ‘लेडिसीला का नाही बोलावलं?’ अशा आशयाचं जे जे दिसलं ते मी मुकाट्याने ‘नकारात्मक’मध्ये टाकलं. गाइड मॅडमनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “हे लोक बियॉन्सेच्या गाण्याबद्दल काही बोलताहेत का?” मी परत वाचलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी गाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काहींनी तर ती छान गायली असंही म्हटलं होतं. त्यांची तक्रार दुसरीच होती. जिने सिनेमात ते गाणं उभं केलं, तिला मोठ्या मंचावर बाजूला का सारलं, ही. गाणं आवडलेला माणूस माझ्या वहीत ‘नावडलं’च्या रकान्यात जाऊन बसला होता!

तुमच्या संशोधनात ही चूक होईल तेव्हा ती दिसणारही नाही, कारण टक्केवारी अगदी व्यवस्थित येते. दोन जणांकडून स्वतंत्रपणे कोडिंग करून घ्या, कोहेनचा कॅपा काढा, तोही चांगला येईल. दोघांना एकच चुकीचा रकाना दिला असेल तर दोघं इमानदारीने एकाच चुकीवर एकमत करतील. कॅपा एकमत सांगतो, रकाना बरोबर आहे की नाही ते सांगत नाही.

मग रकाने ठरवायचे कसे? आधी गाण्याचा इतिहास वाचावा लागतो. विद्यार्थी इथे कंटाळा करतात (मीही केला होता), पण प्रतिक्रिया देणारा माणूस कशाच्या आधाराने बोलतोय हे त्याशिवाय कळत नाही.

पुष्कळ जण या गाण्याला ‘जुनं स्पिरिच्युअल’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिलं तर ते तसं नाही. स्पिरिच्युअल्स ही गुलामगिरीच्या काळातली गाणी, मळ्यांवर आणि प्रार्थनेत तोंडी वाढलेली, कर्त्याचं नाव नसलेली. ‘प्रेशस लॉर्ड’ला कर्ता आहे, थॉमस डॉर्सी. हा माणूस आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवायचा, मा रेनीसारख्या गायिकेला पियानोची साथ करायचा. १९३२ साली तो कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेलेला असताना शिकागोहून तार आली. बायको नेटी बाळंतपणात गेली होती. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने एकोणिसाव्या शतकातल्या एका स्तोत्राच्या चालीवर हे गाणं बांधलं. म्हणून अभ्यासक त्याला गॉस्पेल म्हणतात.

आता लोक त्याला ‘पारंपरिक’ म्हणत असतील तर आपण दुरुस्त करायचं का? नाही. तो तुमचा डेटा आहे. एखाद्या गाण्याला ज्ञात कर्ता असूनही ते सगळ्यांचं, फार जुनं आणि पवित्र वाटायला लागलं, हेच तर नोंदवायचं. आणि तसं वाटायला कारण आहे. किंगना हे गाणं अतिशय प्रिय होतं. ४ एप्रिल १९६८ला मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या सज्जात उभं असताना, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, त्यांनी खाली उभ्या असलेल्या बेन ब्रांच या वादकाला रात्रीच्या सभेत हेच गाणं वाजवायला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीत ते महालिया गायली. १९७२ला महालिया गेली तेव्हा तिच्यासाठी ते अरेथा फ्रँकलिन गायली. एकीने दुसरीला निरोप देत पुढे आलेलं गाणं आहे हे. इथे ‘कोण गातंय’ हा प्रश्न ‘कसं गातंय’ याच्या आधी येतो.

एवढं वाचल्यावर मी प्रतिक्रियांकडे परत गेले आणि मला निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. काही जण खरोखर गायनाबद्दल बोलत होते, म्हणजे आवाज, दम, हरकती, महालियाशी तुलना. काही जण हक्काबद्दल: हे गाणं कोणी म्हणायचं, एका पॉपस्टारने की चर्चमध्ये मुरलेल्या आवाजाने? काही जण निवडीबद्दल: हा निर्णय कोणी घेतला, तारकेचं वलय मोठं ठरलं का? जॉन लेजंड यांनी सांगितलं होतं की कल्पना बियॉन्सेचीच होती आणि तिने विचारल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. हे वाचून काहींचं समाधान झालं, काहींचा राग उलट वाढला. त्या दोघांचं ‘मत’ एकाच वाक्यावरून बनलंय हे तीन रकान्यांच्या तक्त्यात कधीच कळलं नसतं. चौथे होते काळाबद्दल बोलणारे. २०१४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर आणि फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन पोलिसांच्या हातून मारले गेले होते. त्यानंतर काही महिन्यांतच मंचावर कृष्णवर्णीय पुरुषांची रांग उभी करून हे गाणं म्हणणं काहींना शोकसभेसारखं वाटलं. सोहळ्यानंतर बियॉन्सेने तयारीचं चित्रण असलेली एक छोटी फिल्म प्रसिद्ध केली. आजी-आजोबा किंग यांच्याबरोबर मोर्चात चालले होते, वडिलांनी गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या पहिल्या पिढीचे घाव सोसले, असं ती त्यात सांगते आणि त्यांच्या दुःखासाठी आपण गातो आहोत असं म्हणते. म्हणजे हक्काच्या प्रश्नाला तिनेही हक्काच्या भाषेतच उत्तर दिलं. मी चांगली गायले, असं ती म्हणत नाही. हे माझंच आहे, असं म्हणते.

इथे तुम्हाला स्टुअर्ट हॉल आठवला असेल. १९७३च्या त्याच्या मांडणीत प्रेक्षक संदेश तीन तऱ्हांनी वाचतो: पाठवणाऱ्याला हवा तसा, थोडा मानून थोडा वळवून, किंवा थेट विरोधात. नेटच्या तयारीत आपण हे पाठ करतो आणि मग प्रत्येक डेटावर चिकटवतो. माझं मत असं की या प्रकरणात ते अपुरं पडतं. हॉल बातमीसारख्या मजकुराचा विचार करत होता, जिथे प्रश्न अर्थाचा असतो. इथे गाण्याच्या अर्थाबद्दल फारसं कोणी भांडत नव्हतं. भांडण होतं ते वारशाचं. सिद्धांत वापरायचा तर तो कुठे थांबतो हेही प्रबंधात लिहा, परीक्षकांना ते आवडतं. निदान मला तसं सांगण्यात आलंय!

आणि हे भांडण २०१५मध्ये जन्मलेलं नाही. १८७१ला नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले विद्यार्थी संस्थेसाठी पैसे उभे करायला दौऱ्यावर निघाले आणि हळूहळू स्पिरिच्युअल्स मैफलीत गायला लागले. त्यांच्यातल्याच काहींना परक्या, बहुतेक गोऱ्या श्रोत्यांपुढे ही गाणी म्हणायचा संकोच वाटायचा. १९३४मध्ये झोरा नील हर्स्टन हिने लिहिलं की सभागृहात घोटून गायलेली स्पिरिच्युअल्स खरी नव्हेतच, खरी तर मंडळी जमून दर वेळी नव्याने घडवतात ती. आणि खुद्द डॉर्सी? त्याच्या गॉस्पेलला सुरुवातीला कित्येक चर्चनी दार बंद केलं होतं, देवळात ब्लूज आणतो म्हणून. महालियालाही गाताना अंग हलवते म्हणून बोल ऐकावे लागले. ज्या दोघांच्या नावाने २०१५मध्ये ‘खरं’ काय ते ठरवलं जात होतं, त्या दोघांवर एके काळी हाच आरोप होता. ‘परंपरा बिघडवली’ ही प्रतिक्रिया वाचताना म्हणून जरा थांबा. कोणती परंपरा, कोणत्या सालापासूनची, हे तपासा. तक्रार करणारा खोटा ठरतो असं मात्र समजू नका. त्याचं दुखणं खरंच असतं.

डेटाची एक अडचण मला फार उशिरा कळली. त्याच सोहळ्यात ‘अल्बम ऑफ द इयर’ पुरस्कार बेकला मिळाला, बियॉन्सेला नाही, आणि त्यावरून कान्ये वेस्टने केलेल्या तमाशाची चर्चा कित्येक दिवस चालली. त्या रात्रीचं ‘बियॉन्सेबद्दलचं’ लिखाण सरसकट गोळा केलंत तर त्यात गाण्यावरचं किती आणि पुरस्कारावरचं किती, हे वेगळं करता करता नाकी नऊ येतील. म्हणून प्रतिक्रियेबरोबर तिची तारीख, वेळ आणि ती कशाला उत्तर म्हणून आली हेही नोंदवा. माझ्याकडे सुरुवातीच्या नोंदींना वेळच नव्हती. त्या सगळ्या बाद केल्या.

दुसरी अडचण भाषेची. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायक गातो आणि मंडळी मधूनमधून ‘आमेन’ म्हणत साद देतात, हा गाण्याचाच भाग असतो. मग कुणी नुसतं ‘आमेन’ लिहिलं तर ती शाबासकी की सहभाग? सॉफ्टवेअर त्याला सकारात्मक म्हणेल. कीर्तनात ‘पुंडलिक वरदे’ला आपण ‘हरि विठ्ठल’ म्हणतो तेव्हा बुवांना गुण देत नसतो ना! मी त्या चर्चमध्ये वाढलेली नाही, त्यामुळे अशा जागी माझा अंदाज चुकणार हे धरूनच चालते, आणि जिथे खात्री नाही तिथे ‘अनिश्चित’ असा कोड ठेवते. तो कोड ठेवायला लाजू नका.

आणखी एक. या लेखात मी कुणाही सामान्य प्रेक्षकाचं वाक्य जसंच्या तसं दिलेलं नाही, फक्त आशय दिला आहे. जाहीर लिहिलेलं असलं तरी पूर्ण वाक्य शोधलं की माणूस सापडतो, आणि प्रबंधात आपलं नाव यावं म्हणून त्याने ते लिहिलेलं नसतं. तुमच्या विभागाची नैतिकता समिती हे विचारेलच. आधीच ठरवून ठेवा.

शेवटी लेडिसीची प्रतिक्रिया, कारण माझ्या वहीतली सगळ्यात अवघड नोंद तीच आहे. तिला विचारलं गेलं तेव्हा तिच्या बोलण्याचा आशय असा होता: मला का घेतलं नाही याची मला कल्पना नाही, पण हे गाणं जिवंत आहे याचा आनंद आहे, आणि महालिया, अरेथा ते बियॉन्से अशा वारशात माझाही वाटा आहे. पहिल्या तक्त्यात मी हे ‘सकारात्मक’ लिहून मोकळी झाले होते. आता त्यापुढे दोन कोड आहेत, ‘निवड’ आणि ‘हक्क’. ज्या ओळीत ती बियॉन्सेला बसवते त्याच ओळीत स्वतःलाही बसवते, म्हणून दुसरा. ‘नाराजी’ हा तिसरा कोड मी पेन्सिलीने लिहून ठेवलाय. मॅडम म्हणतात, जे बोललं गेलं नाही ते कोड करायचं नाही, तो खोडून टाक. मी अजून खोडलेला नाही.