एडिंबरोचा पहिला हिंवाळा

आपल्या शाळांतून बाहेर पडलेले विद्यार्थी आतां उच्च शिक्षणासाठीं दूरदूरच्या देशीं जाऊं लागले आहेत. मुलाला निरोप देतांना आईबाप फीची, तिकिटाची, मेतकूट-लोणच्याच्या पुड्यांची काळजी वाहतात. परंतु ज्या एका गोष्टीशीं त्याला रोज सकाळीं उठून गांठ घ्यावयाची असते, त्या थंडीविषयीं "एक चांगलासा स्वेटर घे हो" ह्यापलीकडे त्याला कोणी कांहीं सांगत नाहीं. सांगणार तरी कोण? ज्यांनीं महाबळेश्वरचा हिंवाळाच काय तो अनुभविला, त्यांस उत्तरेकडील हिंवाळ्याची कल्पना यावी कशी? स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं मीं दोन हिंवाळे काढले. त्यांपैकीं पहिल्यानें मला जें शिकविलें, तें येथें सांगावयाचें आहे.

स्कॉटलंड आणि मुंबई इलाखा ह्यांचा संबंध जुना आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले ते त्याच देशांतून. त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई ह्यांनीं मुंबईंत मुलींसाठीं शाळा काढल्या आणि अवघ्या सहा वर्षांनीं, १८३५ सालीं, त्या येथेंच वारल्या. त्यांना आमच्या हवेशीं जुळवून घ्यावें लागलें, आम्हांस त्यांच्या.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथें थंडीच्या आधीं अंधार येतो. एडिंबरो सुमारें ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई १९ अंशांवर. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें डिसेंबरांत उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर कलतो, आणि जितकें उत्तरेस जावें तितका दिवस आंखूड होतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस मुंबईंत सुमारें अकरा तास दिवस असतो. एडिंबरोंत जेमतेम सात तास. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आंतच मावळतो. भर दुपारींही तो क्षितिजापासून दहा-अकरा अंशच वर असतो. हात लांब करून मूठ धरावी, आणि त्या मुठीची जेवढी रुंदी दिसते तेवढा वर! किरण इतके तिरपे पडल्यामुळें तेच ऊन पुष्कळ अधिक जागेवर पसरतें. जमिनीच्या तेवढ्याच तुकड्याला मुंबईच्या मानानें फार तर चतुर्थांश ऊन मिळतें, आणि हवेच्या जाड थरांतून तिरपें येतांना त्यांतलेंही कांहीं वाटेंत जिरतें. म्हणून तेथील ऊन दिसतें, पण लागत नाहीं.

ह्यांत भर म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पहांटे सारीं घड्याळें एक तास मागें घेतात. माझी आई रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर दूरध्वनि करीत असे. त्या रविवारपर्यंत तिच्या व माझ्या घड्याळांत साडेचार तासांचें अंतर होतें, तें एकाएकीं साडेपांच झालें. तिनें साडेनवास विचारलें, "काय रे, दिवेलागण झाली का तुझ्याकडे?" मी म्हणालों, "आई, चार वाजले आहेत, आणि दिवे लागून गेले." तिला तें पटेना. खरें सांगावयाचें तर मलाही पटलें नव्हतें. पहिल्या महिन्यांत मला उगीच उदास वाटे, झोंप पुरेशी होत नसे, आणि हें आपल्याच मनाचें दुबळेपण असें मी समजें. पुढें कळलें कीं, प्रकाश कमी झाल्यानें कित्येकांच्या मनावर असा परिणाम होतो. त्यावर मला उपयोगी पडला तो उपाय अगदीं साधा आहे: दुपारीं बारा ते एक ह्या वेळांत, आभाळ असो वा नसो, बाहेर पडून चालणें. किल्ल्यावरील तोफ रविवार सोडून बहुतेक रोज दुपारीं एक वाजतां उडते. १८६१ पासूनची ती रीत आहे. ती ऐकूनच मी परत फिरें.

उन्हाचा आणखी एक हिशेब शरीर ठेवीत असतें. त्वचेवर पडणाऱ्या उन्हापासून 'ड' जीवनसत्त्व तयार होतें. परंतु ऑक्टोबरपासून मार्च अखेरपर्यंत त्या देशीं त्याला लागणारे किरण पुरेसे पोंचतच नाहींत. म्हणून त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा तेथील आरोग्यखात्याचा सर्वांसच सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सांवळ्या वर्णाच्या लोकांनीं ती बारा महिने घेण्याचा विचार करावा असेंही तें सांगतें. गोळी स्वस्त असते.

आतां प्रत्यक्ष थंडीकडे वळूं. एडिंबरो आणि मॉस्को जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परंतु मॉस्कोंत महिनोन् महिने बर्फ हलत नाहीं, आणि एडिंबरोंत जानेवारींतही दुपारचें तपमान बहुधा सहा-सात अंश असतें. अटलांटिक महासागरावरून येणारे तुलनेनें उबदार वारे हें त्याचें कारण. मग कुरकुर कशाची, असें कोणी म्हणेल. कुरकुर ह्याची कीं, ती थंडी ओली असते. समुद्रावरचा वारा पावसासकट आडवा येतो, छत्री उलटी करतो आणि बाह्यांतून आंत शिरतो. ओला कपडा अंगाची उष्णता फार वेगानें ओढून घेतो, म्हणून तेथें जाड कपड्याइतकेंच महत्त्व पाणी व वारा अडविणाऱ्या वरच्या कपड्यास आहे. एकच जाड कोट घेण्यापेक्षां तीन पातळ कपडे एकावर एक घालावे. ऊब कापडांत नसते, दोन कापडांच्या मधल्या कोंडलेल्या हवेंत असते. आपल्या आज्या गोधडींत जुनीं लुगडीं थरावर थर घालून शिवतात, त्यांतलें शास्त्र हेंच. पायमोजे मात्र लोंकरीचेच असावे. ह्याहून कपड्यांविषयीं अधिक सांगण्यासारखें नाहीं.

मुख्य झुंज होते ती घरांत. जुन्या एडिंबरोंतील घरें दगडी, चार-पांच मजल्यांचीं, उंच छतांचीं आहेत. एकेका जिन्यावर आठ-दहा बिऱ्हाडें, आपल्या चाळीसारखींच. घरांत वायूवर पाणी तापवून तें नळ्यांतून भिंतीलगतच्या पत्र्याच्या तबकड्यांत फिरवितात, आणि त्या खोली ऊबदार ठेवतात. थंडीच्या दिवसांत घरांतील तपमान १८ अंशांखालीं जाऊं देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सांगितलें आहे. परंतु वायूचें बिल येतें, आणि विद्यार्थी रुपयांत हिशेब करतो. आम्ही तिघे सोबती होतों. पहिलें बिल पाहून आम्हीं ठराव केला कीं, तबकड्या संध्याकाळीं दोनच तास चालू ठेवावयाच्या, खिडक्या घट्ट लावावयाच्या आणि कपडे आंतच वाळवावयाचे.

तीन आठवड्यांत आमच्या कपाटामागची भिंत काळी पडली. ती बुरशी होती. ती कशी आली, हें समजून घेण्यासारखें आहे. उबदार हवा पुष्कळ वाफ धरून ठेवूं शकते, गार हवा थोडी. आमच्या तिघांच्या श्वासांतली वाफ, भाताच्या कुकरची वाफ आणि यंत्रानें पिळलेल्या कपड्यांतही उरतें तें लिटरभर पाणी, हें सारें त्या बंद खोलींत राहिलें. रात्रीं हवा गार झाली कीं, सर्वांत थंड जागीं, म्हणजे खिडकीच्या कांचेवर व बाहेरच्या भिंतीवर, त्या वाफेचें पाणी होई. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात तसेंच हें. आपल्याकडे थंडी म्हटली कीं दारें-खिडक्या लावून घ्याव्या. तेथें मात्र थंडींतही रोज दहा-पंधरा मिनिटें दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून ओली हवा बाहेर घालवावी लागते, आणि तबकड्या थोड्या पण बराच वेळ चालू ठेवाव्या लागतात. बचत करतां करतां आम्हीं घरांत खोकला आणला. घरमालकानें भिंत पुसण्याचें औषध पाठविलें आणि दोष आमचाच ठरविला; अर्धा तरी तो होता.

खोलींतील थंडी हा किरकोळ विषय नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी ह्या १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, वैद्यकी शिकण्यास अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. शेगडी पेटवावी तर खोली धुरानें भरे, न पेटवावी तर गारठा, अशा खोलींत त्यांनीं दिवस काढले, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. १८८६ च्या मार्चांत त्यांनीं पदवी मिळविली. १८८७ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचा रोग क्षय. क्षय थंडीनें होत नाहीं, तो जंतूनें होतो, हें कॉखनें १८८२ सालींच दाखविलें होतें. तरी गारठलेली खोली आणि अपुरें अन्न ह्यांशीं झगडणाऱ्या शरीराजवळ रोगाशीं झगडण्यास बळ कमी उरतें, हें कोणाही वैद्यास मान्य होईल.

आमच्या घरीं डिसेंबरच्या मध्यास वायूचें यंत्रच बिघडलें. दुरुस्तीचा मनुष्य चार दिवसांनीं येणार होता. बाहेर शून्याखालीं तपमान. आंत आमचे श्वास दिसत. दुसऱ्या रात्रीं आमच्यांतला एक सोबती दुकानांतून पत्र्याचा एक पसरट डबा घेऊन आला. त्यांत कोळसे भरलेले असतात. उन्हाळ्यांत बागेंत मांस भाजण्यासाठीं ते लोक तो वापरतात. "आपली शेगडीच ही," तो म्हणाला. "गांवीं आजी पेटवीतच होती." आम्हां तिघांसही ती युक्ति पसंत पडली, हें मी लपवीत नाहीं. खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. जिन्यांत त्यांनीं तो डबा पाहिला, आणि इतक्या शांत स्वभावाच्या बाई, पण त्यांनीं तो आमच्या हातांतून अक्षरशः ओढून घेतला.

कोळसा पुऱ्या हवेंत जळला तर कार्बन डाय ऑक्साइड वायु होतो. अपुऱ्या हवेंत कार्बन मोनॉक्साइड होतो. ह्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य ह्याला प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून बसतें, आणि मनुष्य श्वास घेत असूनही गुदमरतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते. आणि थंडींत गुंगी आली तर बरीच झोंप लागली असें वाटतें. आजीची शेगडी चालत असे, कारण तिच्या घराला कौलांच्या फटी होत्या. सिमेंटच्या बंद खोलींत तीच शेगडी घात करते. आपल्याकडेही दर हिंवाळ्यांत अशा बातम्या येतात, म्हणून हें जरा विस्तारानें लिहिलें. जेथें वायूवर वा कोळशावर कांहीं जळतें, तेथें ह्या विषारी वायूची सूचना देणारी घंटी असलीच पाहिजे, असा नियम स्कॉटलंडांत २०२२ च्या फेब्रुवारीपासून सर्व घरांना लागू आहे. घंटी आमच्या घरीं होती. ती वाजेपर्यंत वाट पाहण्याचें कारण पडलें नाहीं.

बाईंनीं आम्हांस दोन विजेच्या शेगड्या व गरम पाण्याच्या तीन रबरी पिशव्या दिल्या. तेव्हांपासून आमचें जाणें-येणें सुरू झालें. सकाळीं ओटाची पेज कशी करावी (मीठ घालून, साखर नव्हे, ह्यावर त्यांचा कटाक्ष), पायऱ्यांवर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा कसा ओळखावा, त्यावर मीठ कां टाकतात, हें त्यांनींच शिकविलें. मिठाचें पाणी शून्य अंशाला गोठत नाहीं, त्याहून खालीं जावें लागतें. म्हणून रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मिठाच्या पेट्या ठेवलेल्या असतात. तरीही मी दोनदां आपटलों.

नाताळ आला. त्या देशांत नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पासून सुरू झाली, हें ऐकून मी थक्क झालों. जुन्या प्रेस्बिटेरियन वळणांत त्या दिवसाचें स्तोम नव्हतें. थोर सण वर्षअखेरचा. त्या रात्रीं बारा वाजल्यानंतर उंबरठ्यावर जो पहिला पाय पडतो, त्यावर घराचें वर्ष अवलंबून, अशी समजूत आहे. तो पाहुणा पुरुष असावा, उंच असावा, काळ्या केसांचा असावा, आणि हातांत कोळशाचा एक खडा घेऊन यावा, म्हणजे वर्षभर चूल विझत नाहीं.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळीं बाई वर आल्या. त्यांनीं आम्हां तिघांना नीट न्याहाळलें. उंचीनें आमच्यांत मीच बरा होतों. केसांचा प्रश्नच नव्हता. "बाराला दोन मिनिटें असतांना जिन्यांत उभा राहा," त्या म्हणाल्या, आणि कागदांत गुंडाळलेला कोळशाचा एक खडा त्यांनीं माझ्या हातीं दिला. "हा मात्र पेटवूं नकोस."