जुनी डिझेल कॅराव्हॅन घेताय? आधी आरसी बघा, मग इंजिन

आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी. छतावर सोलर पॅनल, बाहेरून ताजा रंग. मूळ गाडी बारा-तेरा वर्षांपूर्वीची टेम्पो ट्रॅव्हलर. किंमत नव्या कॅराव्हॅनपेक्षा खूपच कमी. अशी जाहिरात दिसली की ‘इंजिन चांगलं आहे ना?’ एवढंच मेकॅनिकला विचारून अनेकदा टोकन दिलं जातं. पण अशा गाडीत इंजिन हा बऱ्याचदा सर्वात कमी काळजीचा भाग असतो. पैसे अडकतात ते कागदांत आणि गंजात.

आरसीवर नेमकं काय लिहिलंय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे आत पलंग असला आणि आरसीवर मात्र प्रवासी बस किंवा मालवाहू व्हॅन अशी नोंद असली, तर ती गाडी कागदोपत्री कॅराव्हॅन नाहीच. रस्त्यात दंड होईल तो वेगळा, अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, ही खरी भीती.

यातल्या बऱ्याच गाड्या आधी टुरिस्ट म्हणून धावलेल्या असतात. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करायची तर परमिट जमा करणं, कर्जाचा बोजा उतरवणं, कराचा फरक भरणं हे सगळं आलं. ‘नंतर करून देतो’ या आश्वासनावर पूर्ण पैसे देऊ नयेत.

वयाचाही हिशेब आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठीचं हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. अशी गाडी घेताना एनओसी आणि आपल्या आरटीओत ती नोंदवली जाईल का, हे आधी विचारावं.

इंजिन का टिकतं?

टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ मध्ये बजाज टेम्पोने आणली. हीच कंपनी आज पुण्याची फोर्स मोटर्स. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेलं ओएम ६१६ इंजिन असायचं. यांत्रिक पंप, चार नोझल, हीटर प्लग आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन. संगणक नाही, सेन्सरची भानगड नाही. हायवेवरच्या साध्या गॅरेजलाही ते समजतं. नंतरच्या कॉमन रेल इंजिनात पाणी मिसळलेलं डिझेल गेलं तर इंजेक्टरचा खर्च मोठा होतो.

तपासायचं कसं? सकाळी, न सांगता जावं. बॉनेट गरम लागलं तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती असं समजा. थंड इंजिन हीटर देऊन लवकर उचलायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो राहिला तर कूलंट जळत असू शकतो. निळा धूर म्हणजे ऑइल. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण सैल केल्यावर जोरात फुंकर येत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे लायनर-पिस्टनचं काम जवळ आलं.

त्यानंतर गाडीखाली वाकायचं. रंगावर जाऊ नये, विशेषतः कोकणात राहिलेल्या गाडीत. चासीचे रेल, बॉडीचे माउंट आणि चाकांच्या कमानी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. आत शिरल्यावर कुबट वास आला तर प्लायवूडमागे पाणी मुरलेलं असतं. इंजिन उतरवून बांधता येतं, कुजलेली बॉडी मात्र उतरवून ठेवता येत नाही.

वजनाचा विसर फार जणांना पडतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. त्यात प्लायवूड, बॅटऱ्या, माणसं. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि आकडा आरसीवरच्या मर्यादेशी ताडावा. ब्रेक आणि पाटे त्याच हिशेबाने बनवलेले असतात.

उभी राहिली की बिघडते

कॅराव्हॅन वर्षातले महिनोन् महिने उभी असते आणि तेच तिचं दुखणं. टायरची नक्षी शिल्लक असते, रबर मात्र कडक झालेलं. टायरवर शेवटचे चार आकडे ‘२३१९’ असतील, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. अर्धी टाकी ठेवून पावसाळा काढला तर आत ओलावा साचून डिझेलमध्ये पाणी उतरतं. म्हणून जूनआधी टाकी पूर्ण भरावी, फिल्टरखालचं पाणी काढावं, बॅटरीची तार सोडावी. घरातले दिवे-पंखे इंजिनच्या बॅटरीवर जोडलेले असतील तर ती वायरिंग आधी वेगळी करून घ्यावी, प्रत्येक लाइनला फ्यूजसह.

स्वयंपाकाच्या गॅसचं तर अजिबात हसण्यावारी नेऊ नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती फरशीवर साचते. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी नसेल, तर गाडी घरी आणण्याआधी ते काम करून घ्यावं.