चित्र कळते, शब्द अडतो

विज्ञानकथेची चित्रमालिका वाचणे म्हणजे एकाच वेळी दोन पुस्तके वाचणे होय; एक चित्रांचे, दुसरे शब्दांचे. पहिले बहुधा देखणे असते. दुसऱ्याविषयी तसे म्हणवत नाही. अलेक्स रेमंड यांनी १९३४ साली निर्माण केलेला फ्लॅश गॉर्डन टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठी वाचकांच्याही घरी आला. १९६४ मध्ये सुरू झालेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. तथापि डॅन बॅरी यांनी रेखाटलेली अवकाशयाने आणि परग्रहांवरील नगरे पाहणारा आजही क्षणभर थबकतो. मग तो फुग्यातल्या मजकुराकडे वळतो आणि ऊर्जा, क्षेत्र, किरण, मिती अशा शब्दांच्या गर्दीत सापडतो. अशा कथांत न कळलेला शब्द मंत्राचे काम करतो. तो उच्चारला की यंत्र चालू होते. वाचक शब्द ओलांडून पुढच्या चौकटीत जातो आणि त्याचे काही बिघडत नाही.

करमणुकीपुरते हे ठीक आहे. परंतु शब्द ओलांडण्याची ही सवय पालघर-बोईसर पट्ट्यातील विद्यार्थ्याला परवडणारी नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, आणि त्याबरोबर या परिसराला शब्दांचा एक नवा संसार मिळाला. त्यातला ‘अणुभट्टी’ हा शब्द फार भाग्याचा. लोहाराची भट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला येथे उष्णता निर्माण होते एवढे निश्चित कळते. युरेनियमच्या अणूंचे विखंडन, त्यातून उष्णता, उष्णतेने पाण्याची वाफ आणि वाफेवर फिरणारे जनित्र, हा पुढचा प्रवास मग सोपा होतो. ‘जड पाणी’ही तसेच. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम आला की पाणी सुमारे एक दशांशाने जड होते.

‘समृद्ध युरेनियम’ची गोष्ट वेगळी. तारापूरच्या इंधनावरून अमेरिकेशी वाद पेटला, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द वृत्तपत्रांतून गाजला. शेतकरी समृद्ध होतो, देश समृद्ध होतो; धातू कसा होणार? नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ या अणुभाराचा अंश जेमतेम ०.७ टक्का असतो, तो दोन-तीन टक्क्यांपर्यंत वाढवायचा, इतकाच त्याचा अर्थ. एका वाक्याचे काम! (अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनीही येथे फुशारकी मारू नये. ‘मागणीची लवचिकता’ पाठ म्हणणारे पुष्कळ, भाजीबाजारात ती ओळखणारे थोडे.)

तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. अशा परिसरात ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सूचनाफलकावर येतो, बातमीत येतो, वादातही येतो. ज्याला तो मंत्रासारखाच भासतो, त्याला एकतर घाबरविता येते किंवा गप्प बसविता येते. प्रश्न मात्र त्याला विचारता येत नाही.

कठीण विज्ञान मराठीत येऊच शकत नाही, ही सबब जयंत नारळीकरांनी १९७४ सालीच निकालात काढली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या त्यांच्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते. काळे आणि विवर, दोन्ही ओळखीचे.

बोईसरच्या एखाद्या शिक्षकाने विज्ञानाच्या तासाला असा जुना अंक वर्गात न्यावा. चित्रे मनसोक्त पाहू द्यावीत. त्यांचा आनंद हिरावण्याचे कारण नाही. नंतर शब्दांच्या दोन याद्या करावयास सांगाव्यात: ज्यांच्यामागे खरी वस्तू आहे ते, आणि लेखकाने वेळ मारून नेण्यासाठी घडविलेले. पहिल्या यादीतील बऱ्याच शब्दांच्या पडताळ्यासाठी मुलांना तारापूरच्या पलीकडे जावे लागणार नाही.