पारण्याचा शिरा आणि पित्ताशयातील खडे

गेल्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सौभाग्यवतींच्या अठाईचे पारणे होते. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर काढल्यानंतर प्रथम मुगाचे पाणी झाले आणि मग पाहुण्यांच्या आग्रहास्तव साजूक तुपातील शिऱ्याचे चार घास. दोन तासांच्या आत उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की त्यांना धड बसवेना, धड निजवेना. कळ पाठीकडे वळून उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत गेली. घरातील ज्येष्ठांनी पित्त खवळल्याचे निदान करून ओवा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात सूनबाईंना त्यांचे डोळे पिवळे दिसले.

ही कळ पहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक लहान खडे असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर तीन-चार वेळा दुखले, ते त्यांनी कोणास सांगितले नाही. सांगितले तर घरचे अठाई करू देणार नाहीत, ही भीती. मीही निर्दोष नाही. तो अहवाल माझ्याच कपाटात मुदत ठेवींच्या पावत्यांबरोबर पडून होता. आधी दिवाळीचा सीझन, मग दुकानाचे मार्चअखेर, मग लगीनसराई. बँकेत असताना थकबाकीदारांनी मुदतवाढीसाठी दिलेली हीच कारणे मी मनातल्या मनात हसत ऐकत असे.

पित्त तयार होते ते यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही केवळ त्याची साठवणीची पिशवी. तीत जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर घट्ट केलेले पित्त मावते. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नळीवाटे आतड्यात उतरते. दीर्घ उपवासात हे आकुंचन जवळजवळ थांबते, पित्त साचून दाट होते आणि खडे धरण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. झपाट्याने वजन उतरल्यानेही खड्यांचा संभव वाढतो. ज्याच्या पिशवीत खडे आधीच आहेत, त्याने अशा उपवासानंतर एकदम तूप खाल्ले तर पिशवी जोराने आवळली जाते आणि एखादा खडा तिच्या तोंडाशी किंवा नळीत अडकतो. आमच्या घरी हेच घडले असावे असे शल्यचिकित्सकांनी सांगितले.

हे लिहिताना तपश्चर्येविषयी न्यून दाखविण्याचा हेतू मुळीच नाही. मात्र ज्यांना खडे आहेत आणि त्रास होतो, त्यांनी मोठ्या तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी वैद्यांना आणि महाराजसाहेबांना, दोघांनाही, खरे सांगावे. खडे असूनही ज्यांना कधीच दुखले नाही, अशांना डॉक्टर सहसा शस्त्रक्रिया सुचवीत नाहीत. परंतु एकदा कळा सुरू झाल्या की त्या परत येतातच असे धरून चालावे. ताप व थंडी, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, शौच पांढुरकी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नळीत अडकलेला खडा जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाचा दाह घडवू शकतो आणि दोन्ही जिवावर बेतणारे आहेत. लिंबू व तेल पिऊन खडे पाडण्याचा उपाय आम्हालाही दोघांनी सुचविला. त्या प्रयोगानंतर शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या म्हणजे तेलाचेच साबणासारखे गोठलेले गोळे असतात, पिशवीतील खडे नव्हेत.

अंबाजोगाईस वैद्यकीय सोयीची वाण आहे असे नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे १९७४ साली स्थापन झाले; ग्रामीण भागातील आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे, आणि ‘स्वाराती’च्या आवारात आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्ण रोज दिसतात. तरी तोंडातून दुर्बीण घालून नळीतील खडा काढण्याची प्रक्रिया, जिला ईआरसीपी म्हणतात, मुलाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे लातूरला करविली. कावीळ उतरू लागल्यावर तेथेच काही दिवसांनी पित्ताशय काढले.

माझ्या मावशींचे हेच ऑपरेशन चाळीसेक वर्षांपूर्वी झाले तेव्हा बरगडीखाली वीतभर चीर होती आणि त्या दीड महिना अंथरुणावर होत्या. मुळात पित्ताशय काढूनही मनुष्य व्यवस्थित जगतो, हे १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी दाखवून दिले. दुर्बिणीतून हीच शस्त्रक्रिया १९८५ साली जर्मनीतील एरिख म्यूए यांनी प्रथम केली. त्या वेळी त्यांची वाखाणणी होण्याऐवजी उपेक्षाच झाली. आपल्याकडे ती आणली डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. हे तंत्र महागड्या शहरी रुग्णालयांपुरते राहू नये, खेड्यातील गरिबालाच त्याची अधिक गरज आहे, कारण त्याला महिनाभर मजुरी बुडविणे परवडत नाही, असा त्यांचा आग्रह होता. आज तालुक्याच्या गावी चार छोट्या छिद्रांतून हे ऑपरेशन होते, त्यामागे ही दृष्टी आहे.

आता तयारीविषयी. रक्ताच्या तपासण्या, साखर, यकृताचे अहवाल, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे सर्व रुग्णालय करवून घेतेच. आपण सांगायचे ते हे, की रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, आयुर्वेदिक चूर्णे यांपैकी काय चालू आहे. यातील काही आधी थांबवावी लागतात आणि केव्हा थांबवायची ते डॉक्टरच ठरवितात. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असे शब्द असतात. ते वाचून घाबरू नये. दाह फार असला तर दुर्बिणीचा हट्ट सोडणे हेच शल्यचिकित्सकाचे शहाणपण असते.

आपल्या समाजातील एक गैरसमज येथे नोंदविला पाहिजे. ‘आम्हाला निर्जळ राहण्याची सवय आहे’ असे आम्ही भूलतज्ज्ञांना मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “काकू, पाणी का सोडता?” पोट रिकामे हवे म्हणजे हलका आहार सहा तास आधी बंद, तळलेले वा तुपकट आठ तास आधी, साधे पाणी मात्र सर्वसाधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालते, उलट शरीर कोरडे पडलेले त्यांना नकोच असते. शस्त्रक्रिया अकराला होती. आदल्या सूर्यास्तापासून चौविहार, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी पाळली गेली, आणि सातच्या सुमारास रक्तदाबाची गोळी व नऊपर्यंत उकळलेले पाणी झाले. व्रत आणि वैद्यक यांत कोठेच विरोध आला नाही.

दुसरा प्रश्न औषधांचा. पुष्कळ कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. कॅटगट नावाचा टाक्यांचा धागा जनावरांच्या आतड्यापासून बनतो. रक्त न गोठण्यासाठी दिले जाणारे हेपारिनही प्राणिज आहे. कृत्रिम धागे आणि गोळ्यांचे पर्याय बहुधा असतात. हे भरतीच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी विचारावे. तातडीच्या प्रसंगी मात्र डॉक्टरांचा हात धरू नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत, आणि आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधाचा आगारही त्यांत आहे. महाराजसाहेबांनी हे समजावून सांगितले तेव्हा सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरचा ताण मी प्रत्यक्ष उतरताना पाहिला.

विम्याविषयी माझ्या जुन्या पेशास अनुसरून दोन शब्द. बहुतेक आरोग्य विम्यांत पित्ताशयातील खड्यांना प्रतीक्षाकाल असतो, अनेकदा २४ महिन्यांचा. कळ उठल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी पाहावी. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत केवळ भाडेच नव्हे, डॉक्टरांचे शुल्क व इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जातो. व्यापारी कुटुंबांत ‘थोडी बरी खोली द्या’ हा आग्रह सहज होतो आणि बिलाच्या वेळी वाद होतात. ज्यांच्याजवळ विमा नाही त्यांनी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच त्यांना चालविले. पोटाच्या छिद्रांपेक्षा खांदा अधिक दुखत होता. पोट फुगविण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असे होते आणि दोन-तीन दिवसांत थांबते. दुसऱ्या दिवशी घरी सोडले. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशा बसवून दिल्या, त्यामुळे रात्रीचा प्रश्नच उरला नाही. विचारले म्हणून हे झाले. घरी येताना एक छोटी बाटली मिळाली, तीत मोहरीएवढे सतरा खडे. येणारा प्रत्येक जण ती पाहावयास मागे. त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे काढलेल्या पिशवीचा प्रयोगशाळेचा अहवाल. त्यात क्वचित गंभीर रोग उघडकीस येतो, म्हणून तो आठवणीने आणून डॉक्टरांना दाखवावा. आमचा अहवाल निर्दोष निघाला.

आहारात पहिले काही दिवस मुगाचे वरण, मऊ भात, दुधी, दोडका, पातळ ताक. नंतर ज्वारीची भाकरी. पिशवी नसल्याने पित्त आता थेंबथेंब आतड्यात उतरत असते; एकदम तुपाचा भार टाकला तर पोट फुगते, काहींना शौचास पातळ होते. थोडे थोडे, अनेक वेळा, आणि सूर्यास्तापूर्वी, हा क्रम आपल्या घरांना शिकवावा लागत नाही. तळण मात्र महिनाभर बंद. दहाव्या दिवशी त्या दुकानात जाऊन बसल्या आणि सवयीने कापडाचा गठ्ठा उचलू लागल्या. मुलाने धावत जाऊन काढून घेतला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हलके काम एक-दोन आठवड्यांत करता येते, जड ओझे डॉक्टरांनी सांगेपर्यंत उचलू नये. मोंढ्यातील पोती उचलणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

यंदाच्या पर्युषणात, डॉक्टरांना विचारून, त्यांनी अठाईऐवजी एकासणे केली. संवत्सरीच्या उपवासाचे पारणे मुगाच्या पाण्याने झाले, मग मऊ खिचडी. शेजारून तुपाने थबथबलेला शिरा आला होता. तो वाडगा त्यांनी हसून माझ्याकडे सरकविला, आणि बाटलीतील खड्यांची आठवण करून देऊन त्यातील निम्मा लगेच परतही घेतला.