शरीराचे निरोप

शस्त्रक्रियेनंतर दोन महिने मी आरशाकडे पाठ करून आंघोळ केली. स्तनातली गाठ निघाली होती, अहवाल चांगले होते. पण डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कुणी विचारलं की ‘बरी आहे’ म्हणायचे. शरीर मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी वाटे.

त्या दिवसांत ‘अंतःसंवेदन’ या विषयावर वाचू लागले. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०६ साली संवेदनांचे तीन गट मांडले: बाहेरच्या जगाच्या, स्नायू-सांध्यांच्या आणि आतल्या अवयवांच्या. भूक, धडधड, मळमळ हे सगळं तिसऱ्या गटातलं. मेंदू हुकूम सोडतो आणि शरीर पाळतं, असं आपण धरून चालतो. पण मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूतले बहुतेक तंतू उलट दिशेनं, शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. मेंदूतल्या ‘इन्सुला’ या भागात ते जुळवले जातात. भावना जाणवण्यातही त्याचा वाटा असतो.

आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक असावं. भीतीनं पोटात गोळा येतो, वाईट बातमीनं हातपाय गळतात, रडू दाबलं की घशात आवंढा अडकतो. मी हे निरोप घेणंच बंद केलं होतं.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात पडून राहून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं असतं. काही बदलायचं नाही, फक्त दखल घ्यायची. मी ते करू लागले. छातीपाशी आले की लक्ष निसटायचं. एका रात्री निसटलं नाही. व्रणावर हात ठेवला. तिथे बधिरपणा होता, काखेपर्यंत ओढ होती. खूप रडले आणि ‘मला भीती वाटते’ हे नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं.

यानं गाठ विरघळत नाही. औषधोपचारांना हा पर्याय नाही. ज्यांच्या शरीरानं अत्याचार सोसलाय त्यांची घबराट आत पाहताना वाढूही शकते. त्यांनी जाणकाराच्या सोबतीनं, डोळे उघडे ठेवून, तळपायांपासून सुरुवात करावी.

फिजिओथेरपिस्टनं भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं होतं. रोज जिथवर पोचे तिथे मी पेन्सिलनं खूण करायचे. यंदा दिवाळीआधी रंगारी आला, तेव्हा तेवढी भिंत सोडायला सांगितली.