घरच्या लिनक्स संगणकाची राखण

विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक व गुणपत्रके शिक्षकाच्या घरच्या संगणकावरही राहू शकतात. ती पालकांनी विश्वासाने दिलेली ठेव होय. संगणकावर लिनक्स, किंवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे सिद्ध केलेली ‘बॉस’ प्रणाली असली म्हणजे भय सरले, हा समज अपुरा आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवरील सर्रास वापरातील साधनात चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संशय आला. दूषित आवृत्त्या तत्काळ मागे घेण्यात आल्या.

यावरून पहिला नियम निघतो : प्रोग्राम प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत व सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात.

दुसरा नियम अधिकाराचा. लिनक्समध्ये ‘रूट’ हा सर्वाधिकारी. साध्या खात्यास प्रणालीत फेरबदल करता येत नाहीत. यास्तव नित्याचे काम साध्या खात्यातूनच करावे. ‘सुडो’ने सुरू होणारी परकी आज्ञा अर्थ न जाणता चालविणे म्हणजे शाळेच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती देणे होय. घरातील मुलांस निराळे खाते द्यावे.

मात्र विद्यार्थ्यांच्या नोंदी साध्या खात्यातच असतात. त्या खात्यात शिरलेला घातक प्रोग्राम रूटवाचूनही त्या वाचू शकतो. म्हणून तिसरा नियम : काम संपलेल्या नोंदी घरी ठेवू नयेत. प्रणाली बसवितानाच डिस्कचे कूटलेखन निवडावे, म्हणजे बंद संगणक चोरीस गेला तरी नोंदी वाचता येणार नाहीत. आवश्यक नोंदींची कूटबद्ध प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी.