हाडात गाठ दिसली, पण ती गाऊटची निघाली तर?

ऐरोलीहून मी परत आलोय. पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "बाबांच्या गुडघ्याच्या वाटीत गाठ दिसतेय, ट्यूमर असू शकतो म्हणाले. परळला टाटाला दाखवायचंय. पण बाबांना दहा वर्षं गाऊट आहे. याचा काही संबंध?"

असू शकतो. रक्तातलं युरिक ॲसिड साधारण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की ते नीट विरघळून राहत नाही. सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचायला लागतात. वर्षानुवर्षं साचून त्यांचा खडूसारखा गोळा होतो, तो टोफस. कानाच्या पाळीवर, कोपरावर तो बाहेरून दिसतो. क्वचित मात्र हाडाच्या आतच वाढतो. मग एक्स-रेत हाडाला भोक आणि एमआरआयमध्ये गोळा दिसतो. तो स्फटिकांचा की ट्यूमरचा, हे नुसत्या एमआरआयवरून खात्रीने सांगता येत नाही. रक्ताचा रिपोर्टही फसवतो, कारण ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं.

म्हणून बायोप्सी. आणि इथेच खरी गंमत आहे. बायोप्सीचा तुकडा नेहमी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यातलं द्रावण, आणि हे स्फटिक त्यात विरघळतात! बग शोधायला सर्व्हर रीस्टार्ट केला आणि लॉगच उडाले, तसं. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला उरलेल्या रिकाम्या जागांवरून, भोवतीच्या मोठ्या पेशींवरून संशय येतो, पण थेट पुरावा गेलेला असतो. गाऊटची शंका आधीच कळली, तर थोडा नमुना अल्कोहोलमध्ये ठेवता येतो. मग पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या सुया चमकतात. सांध्यातल्या पाण्यात त्या अशा ओळखता येतात, हे मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी 1961 मध्ये दाखवलं.

ड्युअल एनर्जी सीटी नावाचा स्कॅनही आहे. त्यात युरेटला वेगळा रंग देतात, बहुतेकदा हिरवा. लहान साठे त्यातूनही सुटतात.

तर दादा, बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना गाऊटचं सांग. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव. आणि "गाऊटच असेल" म्हणून बायोप्सी टाळू मात्र नकोस. गाऊटवाल्याला ट्यूमरही होऊ शकतो.